सड्यावरील विरळ फुलपाखरू आणि शाळेची नोंदवही

(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषणाचा मजकूर)



रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ गावांना स्वतःचा असा एक सडा असतो. गाव खाली, वाड्या नारळी-पोफळीच्या व आंबा-काजूच्या सावलीत, आणि घाटी चढून वर गेले म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, उघडे पठार. वैशाखात या पठारावर अनवाणी पाय ठेववत नाही. काळसर कातळ तापलेला असतो आणि हिरवी काडी दृष्टीस पडत नाही. मृगाचा पाऊस पडला की थोड्याच दिवसांत त्याच कातळावर हिरवळ धरते. श्रावण-भाद्रपदात तेरडा, गेंद, सीतेची आसवे आणि कवला यांच्या फुलांनी तो झाकून जातो. दसऱ्याच्या सुमारास गवत पिवळे पडू लागते आणि दिवाळीनंतर विळे चालू होतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात खरे तर सर्वत्र झाडी माजावयास हवी. परंतु सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, कित्येक ठिकाणी तोही नसतो. त्यामुळे तेथे वृक्षाऐवजी गवताचे राज्य नांदते.

सरकारी दप्तरात अशा जमिनीस बहुधा पडीक किंवा पोटखराबा म्हटलेले असते. लोकव्यवहारातही तिची किंमत चिऱ्याच्या खाणीपुरती, किंवा सुरुंग लावून व माती आणून टाकून कलमे लावण्यापुरती धरली जाते. सड्यावर काय आहे, असे कोणी विचारले तर, "काही नाही, नुसता कातळ," हे उत्तर चटकन मिळते. या उत्तराची परीक्षा प्राथमिक शाळेस करता येईल काय, आणि ती एका फुलपाखराच्या साहाय्याने कशी करता येईल, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पावसाळा ओसरल्यावर सड्यावर व त्याच्या कडेने जी फुलपाखरे दिसतात, त्यांत तांबूस-नारिंगी रंगाचे एक फुलपाखरू मुलांच्या चांगल्या परिचयाचे असते. त्याच्या पुढच्या पंखांची टोके काळी असून त्यांवरून पांढरा तिरपा पट्टा गेलेला असतो. इंग्रजीत त्यास प्लेन टायगर म्हणतात. शास्त्रीय नाव डॅनॉस क्रायसिप्पस. याची मादी रुईच्या पानावर अंडी घालते. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पाने तोडणाऱ्या मुलांनी पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी कधी ना कधी पाहिलेली असते. ती याच फुलपाखराची. सोयीसाठी येथे यास रुईचे फुलपाखरू म्हणू.

रुईचा चीक विषारी असतो हे खेड्यातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. ही अळी मात्र तीच पाने खाऊन वाढते व त्यातील विषारी द्रव्य आपल्या शरीरात साठविते. पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते विष त्याच्या अंगी राहते. एखाद्या अननुभवी पक्ष्याने त्यास खाल्ले तर कडू चव व ओकारी यांचा असा प्रत्यय येतो की, त्या रंगाच्या फुलपाखराच्या वाटेस तो पुन्हा सहसा जात नाही. म्हणूनच रुईचे फुलपाखरू भडक रंग मिरवीत, कोणाचीही भीड न बाळगता, अगदी संथ उडते. ज्याला लपावयाचे असते त्याला असा रंग परवडणार नाही. पण ज्याला ओळखले जाणेच हिताचे आहे, त्याला भडक रंग ही संरक्षणाची पाटीच होय.

याच गवतात, याच ऋतूत आणखी एक फुलपाखरू वावरते. इंग्रजीत त्यास डॅनेड एगफ्लाय म्हणतात; शास्त्रीय नाव हायपोलिम्नास मिसिप्पस. याची मादी घोळीवर अंडी घालते. पावसात शेताच्या बांधावर, वाटेच्या कडेला, अंगणाच्या कोपऱ्यात आपोआप उगवणारी, जाड लालसर देठांची व आंबट पानांची जी घोळ भाजीसाठी खुडतात, तीच ही. म्हणून यास घोळीचे फुलपाखरू म्हणू. याचा नर मखमली काळा असून त्याच्या प्रत्येक पुढच्या पंखावर दोन आणि प्रत्येक मागच्या पंखावर एक, असे सहा पांढरे डाग असतात. उन्हात त्या डागांच्या कडा निळ्या-जांभळ्या चमकतात. तो उघड्या जागी जमिनीवर किंवा ठेंगण्या झुडपावर बसतो आणि जवळून जाणाऱ्या दुसऱ्या फुलपाखराचा पाठलाग करून पुन्हा आपल्या जागी येतो.

मादीचे रूप मात्र नराहून सर्वस्वी निराळे. ती हुबेहूब रुईच्या फुलपाखरासारखी दिसते. तोच तांबूस-नारिंगी रंग, तीच काळी टोके, तोच पांढरा तिरपा पट्टा. उडणेही तसेच संथ. तिच्या अंगी रुईचे विष नाही. पण पक्षी रंग पाहून फसतो आणि तिला सोडून देतो. एखाद्याने पाठलाग केला म्हणजे मात्र तिचे सोंग गळून पडते व ती वेगाने दूर निघून जाते.

या दोघींतील फरक ओळखण्याची खूण साधी आहे आणि ती मोजणीची आहे. पंख पसरून बसलेल्या फुलपाखराच्या मागच्या पंखाची वरची बाजू पाहावी. रुईच्या फुलपाखराच्या त्या पंखावर मधोमध बारीक काळे ठिपके असतात. मादीस तीन, नरास चार. घोळीच्या फुलपाखराच्या मादीस तेथे ठिपके नसतात. पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच मोठा काळा ठिपका असतो. पुढच्या पंखाच्या टोकावर विसंबून राहू नये, कारण दोन्ही जातींत काळ्या-पांढऱ्या टोकावाचूनची फुलपाखरेही क्वचित आढळतात. तीन किंवा चार असतील तर रुईचे, एकच असेल तर घोळीचे, एवढे ज्यास मोजता येते, असा दुसरीतील मुलगाही ही पारख करू शकतो. मात्र त्यासाठी फुलपाखरू स्थिर बसेपर्यंत थांबण्याचा धीर हवा, आणि हा धीर मुलांच्या अंगी बाणविणे हे शिक्षणाचे लहानसहान कार्य नव्हे.

आता असा प्रश्न उपस्थित होतो की, सोंग इतके फायद्याचे असेल तर घोळीची फुलपाखरेच सर्वत्र का माजत नाहीत? याचे उत्तर हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या विचारात सापडते. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या अरण्यात तो १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे राहिला. तेथील फुलपाखरांचा अभ्यास करीत असता त्याच्या ध्यानात आले की, काही निरुपद्रवी जाती बेचव जातींचे रूप घेऊन त्यांच्याच थव्यात वावरतात आणि अशा नकली जाती अस्सल जातींच्या मानाने संख्येने थोड्या असतात. हा विचार त्याने १८६२ साली प्रसिद्ध केला. त्याचे मर्म थोडक्यात असे. पक्षी अनुभवाने शिकतो. दहा भडक फुलपाखरांपैकी नऊ विषारी असतील तर तो भडक रंगास भिऊ लागेल. पण दहांपैकी नऊ चविष्ट असतील तर उलट तो भडक रंगच शोधत फिरेल. म्हणजे नकली नाणे चालावयाचे तर बाजारात खरी नाणी पुष्कळ असावी लागतात. घोळीच्या फुलपाखराचे रुईच्या फुलपाखराहून विरळ असणे हा योगायोग नसून, त्याचा बचाव ज्यावर अवलंबून आहे ती अटच आहे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. सड्यावर घोळीचे फुलपाखरू शोधावयाचे तर रुईची फुलपाखरे एकेक करून पाहावी लागतात. जे फार दिसते त्याच्याकडे दुर्लक्ष करून जे क्वचित दिसते ते हाती लागत नाही. "ते काय, नेहमीचेच," असे म्हणून ज्याने मान फिरविली, त्याच्यासमोरून ते निघून जाते.

येथे 'विरळ' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेणे अवश्य आहे. व्यवहारात जे एखाद्याने पूर्वी पाहिलेले नाही त्यास तो दुर्मिळ म्हणतो. पण यापूर्वी पाहिले नाही याची कारणे अनेक असू शकतात. ती वस्तू खरोखरच थोडी असेल. किंवा पुष्कळ असूनही वर्षातून पंधराच दिवस दिसत असेल. किंवा ती नित्य डोळ्यांपुढे असून कोणी लक्षपूर्वक पाहिलीच नसेल. कोकणच्या सड्यांवर पहिल्या पावसाबरोबर पांढऱ्या फुलांची दिपकाडी नावाची एक कंदवर्गीय वनस्पती फुलते. ती कोकणच्या पठारांपुरतीच मर्यादित असल्याने तिच्या नावातही कोकणचा निर्देश आहे. फुलण्याचा तिचा काळ संपल्यावर त्याच जागेवरून चालत गेलेल्या मनुष्यास ती तेथे आहे याची कल्पनाही येत नाही. तीच गोष्ट कातळशिल्पांची. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवी हसोळ, बारसू, देवाचे गोठणे या गावांच्या सड्यांवर पुरातन मानवाने कोरलेल्या आकृती शतकानुशतके उघड्यावर पडून होत्या. गुराखी त्यांवरून गुरे नेत होते, कित्येक ठिकाणी ग्रामस्थ त्यांस देवस्थान म्हणून मानीतही होते. शोधकांनी गावोगाव फिरून त्यांची पद्धतशीर नोंद व मापे घेतली, तेव्हा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांस स्थान मिळाले. शिल्पे तीच, कातळ तोच. नोंदीने त्यांस रक्षणाचा आधार मिळाला.

तात्पर्य, विरळ किंवा विपुल हे पाहणाऱ्याच्या मनाचे मत नसून ते मोजणीचे फलित असते. "आज घोळीचे फुलपाखरू दिसले," या वाक्याने आनंद होतो. पण ज्ञान फारसे वाढत नाही. समजा, एका शाळेच्या वहीत असे लिहिले आहे की, एका सकाळी अर्ध्या तासात त्या रंगाची साठ फुलपाखरे ठिपके मोजून पाहिली; त्यांतील सत्तावन्न रुईची व तीन घोळीची होती. आता हे वाक्य बोलू लागते. वीसांत एक हे प्रमाण त्यातून निघते. पुढील वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा साठ पाहिली व त्यांत एकही घोळीचे नसले, तर ते का, हा प्रश्न विचारता येतो. पहिल्या वर्षी मोजणी झालीच नसती, तर दुसऱ्या वर्षी काही कमी झाले आहे हेही कोणास कळले नसते.

कोकणातील फुलपाखरांची नोंद करण्याचे काम यापूर्वी झालेले नाही असे मुळीच नाही. मुंबई येथे १८८३ साली निसर्ग-इतिहासाची संस्था स्थापन झाली. ती आज बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्या संस्थापकांपैकी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. याचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला. मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात तो नोकरीस होता आणि त्या नोकरीच्या निमित्ताने उरण, कारवार, गोव्याची सरहद्द अशी ठाणी करीत रत्नागिरीसही राहिला. मिठागरे तपासणे व जकातीची नाकी पाहणे हे त्याचे काम. पण वाटेत दिसणारा पक्षी, बेडूक, मुंगी, फुलपाखरू यांचे निरीक्षण करण्याचे व्रत त्याने सोडले नाही. फुलपाखराची अळी कोणत्या झाडावर वाढते हे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी अळ्या प्रत्यक्ष पाळून पडताळले. १९०३ साली एटकेन व कॉम्बर या दोघांनी कोकणातील फुलपाखरांची यादी सोसायटीच्या नियतकालिकाच्या पंधराव्या खंडात प्रसिद्ध केली.

एटकेन हा पेशाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हता, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. सरकारी नोकर, बदलीची नोकरी, आणि कामाच्या वाटेवर डोळे उघडे ठेवण्याची सवय. एवढ्याच भांडवलावर त्याने हे केले. शंभराहून अधिक वर्षांनंतर आज कोकणात कोणते फुलपाखरू पूर्वी होते असे कोणास विचारावयाचे झाल्यास त्या यादीकडे वळावे लागते. तथापि अशी यादी संपूर्ण प्रदेशाची असते. अमुक गावच्या सड्यावर अमुक महिन्यात किती, हे सांगणे तिच्या कक्षेबाहेरचे. ते सांगू शकेल अशी संस्था गावोगाव एकच आहे, आणि ती म्हणजे प्राथमिक शाळा. वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच सड्याच्या पायथ्याशी, रोज वेळेवर उघडणारी व रोज नोंद ठेवणारी दुसरी संस्था खेड्यात क्वचितच असते.

नोंदीचे एवढे महत्त्व कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. त्याचे उत्तर इंग्लंडातील एका गवताळ फुलपाखराच्या हकीकतीत आहे. तेथे लार्ज ब्ल्यू नावाचे निळे फुलपाखरू डोंगरउतारांवरील गवतात राही. त्याची अळी आरंभी थाइम नावाच्या सुगंधी वनस्पतीची फुले खाते. नंतर जमिनीवर पडते आणि एका जातीच्या तांबड्या मुंग्या तिला आपलीच समजून वारुळात नेतात. तेथे ती मुंग्यांची पिले खाऊन वाढते. हे फुलपाखरू कमी होऊ लागले तेव्हा संग्राहक ते पकडून नेतात म्हणून असे होते, असा समज होता. त्यावरून जागा राखून ठेवल्या गेल्या, कुंपणेही घातली गेली. तरी फुलपाखरे घटतच राहिली. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या वर्षांत शेवटच्या वसतिस्थानी राहून फुलपाखरे, अंडी, मुंग्या व गवताची उंची यांची बारकाईने मोजदाद केली, तेव्हा खरे कारण उघडकीस आले. गुरे चरेनाशी झाली होती, आणि १९५० नंतरच्या दशकात रोगाच्या साथीने ससेही मेले होते. त्यामुळे गवत वाढले. गवत वाढल्याने जमिनीस ऊन लागेना. आणि ऊन न लागल्याने त्या विशिष्ट मुंग्या नाहीशा झाल्या. उपाय सापडला, पण वेळ टळून गेली होती. १९७९ साली ते फुलपाखरू इंग्लंडातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे १९८३ पासून स्वीडनमधून अळ्या आणून, गवतावर पुन्हा गुरे चारून, ते तेथे परत नांदते करण्यात आले.

या हकीकतीत आपल्या सड्यांस लागू पडणारी गोष्ट आहे. गवत कापावे की राखावे, गुरे चारावी की बंदी करावी, वणवा लागल्याने काय बिघडते, खाणीतून उडणाऱ्या धुरळ्याने फुलांवर काय परिणाम होतो, या प्रश्नांची उत्तरे केवळ सद्भावनेने मिळत नाहीत. इंग्लंडात सद्भावना होती, कुंपणासही पैसा होता. केवळ मोजणी वेळेवर झालेली नव्हती. सड्यावर खाण काढावयाची किंवा नाही, याचा विचार ग्रामसभेत होतो तेव्हा एका बाजूस चिऱ्याचे व मजुरीचे आकडे असतात. ते खोटे नसतात. गावातील घरे त्याच चिऱ्याने उभी राहिली आहेत आणि कित्येक मुलांच्या घरची चूल त्या मजुरीवर पेटते. दुसऱ्या बाजूस मात्र आकडा नसतो; तेथे "काही नाही" एवढेच असते. निर्णय कोणताही होवो, तो दोन्ही बाजूंचे ज्ञान असताना व्हावा, इतकी अपेक्षा वाजवी होय.

आता प्रत्यक्ष कार्यपद्धती. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांच्या गणनेची एक सोपी रीत चालू आहे. ठरलेल्या वाटेने, सावकाश व सारख्या चालीने जावयाचे आणि आपल्या दोन्ही बाजूंस मिळून पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजावयाची. वाट तीच, चाल तीच, पट्टा तोच; मग एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येते. हीच रीत सड्यास लागू करता येईल. शाळेने सड्यावरील अर्ध्या किलोमीटरची एक पायवाट कायमची ठरवावी. तिचा आरंभ व शेवट न हलणाऱ्या खुणेवर असावा. उदाहरणार्थ, एखादे देऊळ, मोठा वड किंवा विहीर. भाद्रपदाच्या अखेरीपासून मार्गशीर्षापर्यंत पंधरा दिवसांतून एकदा, स्वच्छ उन्हाच्या दिवशी, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान ही फेरी व्हावी. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर विजा होतात. त्या वेळी उघड्या सड्यावर मुलांना कदापि नेऊ नये. सड्यावरील दगडांखाली फुरसे असते, हे तर रत्नागिरीच्या शिक्षकांस सांगावयास नको. यास्तव मुलांच्या पायांत बूट असावेत, दगड उलथू नयेत, बिळात हात घालू नये, आणि शिक्षकाने पुढे चालावे.

नोंदवहीत प्रत्येक फेरीस पुढील गोष्टी लिहाव्यात: दिनांक व वेळ; ऊन, ढग व वारा; गवताची उंची वितीने किंवा पट्टीने मोजून; गवत कापले, चारले किंवा जळले आहे काय; कोणती फुले फुलली आहेत; रुईच्या फुलपाखरांची संख्या; घोळीच्या फुलपाखरांची संख्या, नर व मादी वेगवेगळी; आणि ठिपके नीट न दिसल्याने ज्यांची ओळख पटली नाही अशांची संख्या. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा समजावा. ज्या वहीत अनिश्चित असे काहीच नसते, त्या वहीवर जाणता मनुष्य विश्वास ठेवीत नाही. घोळीच्या नराशी साम्य असलेली, त्याहून मोठी अशी एक सजातीय जातही आपल्याकडे आढळते. म्हणून काळा नर दिसल्यास व छायाचित्र न मिळाल्यास तोही याच रकान्यात घालावा.

मोठ्या उत्साहाच्या भरात एखादा विद्यार्थी, "गुरुजी, एकच ठिपका होता," असे ओरडत येईल. अशा वेळी त्यास खोटे पाडू नये, आणि लगेच खरेही धरू नये. ठिपका पंखाच्या कडेस होता की मध्ये, फुलपाखरू बसले होते की उडत होते, आणखी कोणी पाहिले काय, असे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे देता देता मुलास स्वतःलाच कळू लागते की आपण किती पाहिले व किती गृहीत धरले. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे आणि त्यांची परीक्षाही घेणे हे विज्ञानाचे पहिले पाठ होत, आणि ते पुस्तकावाचून, एका उघड्या कातळावर शिकविता येतात.

ज्या फेरीत घोळीचे फुलपाखरू दिसले नाही, त्या फेरीची नोंदही शून्य लिहून ठेवावी. हजेरीपटात गैरहजेरीची खूण न करता जागा कोरी सोडली तर त्या दिवसाचा अर्थ लागत नाही. तद्वतच फुलपाखरांच्या वहीतील कोऱ्या ओळीचा अर्थ लागत नाही. पाहिले आणि नव्हते, ही माहिती आहे. पाहिलेच नाही, ही माहिती नव्हे.

फुलपाखरू जाळ्यात पकडणे, टाचणीने टोचून पेटीत ठेवणे ही एके काळी अभ्यासाची रूढ रीत होती. आज तिची गरज नाही, आणि या जातीपुरती ती मुभाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत घोळीच्या फुलपाखराच्या जातीचे नाव घालण्यात आलेले आहे. शिक्षकाच्या खिशातील फोनने घेतलेले एक स्पष्ट छायाचित्र आणि त्याखाली दिनांक व स्थळ एवढा पुरावा पुरेसा होतो. ज्यांस ते शक्य नाही त्यांनी मुलांकडून चित्र काढून घ्यावे; ठिपके मोजून काढलेले चित्र हाही पुरावाच आहे. शाळेच्या परसबागेत भाज्यांबरोबर घोळीचा एक वाफा न खुरपता राखावा, आणि कुंपणाशी उगवलेली रुई उपटू नये. रुईवरच्या पट्टेरी अळीचा कोश होऊन त्यातून फुलपाखरू बाहेर पडेपर्यंतचा क्रम मुलांनी रोज पाहिला, तर परिसर अभ्यासातील तो धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. घोळीवर काटेरी केसाळ दिसणारी काळी अळी आढळली तर तीही तशीच राहू द्यावी व तिची नोंद करावी.

वर्षाअखेरीस या वहीतून मुलांनी बेरजा कराव्यात, प्रमाण काढावे, आलेख काढावा. गणिताच्या तासास याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण. त्यानंतर तिची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते व लोकांच्या साहाय्याने गावची जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अशा नोंदवहीस शाळेच्या मोजणीचा आधार मिळाला, म्हणजे ती बाहेरून आलेल्या माणसाने दोन दिवसांत भरलेली न राहता गावाने स्वतः पाहून लिहिलेली होईल. महाराष्ट्राने २०१५ साली ब्ल्यू मॉर्मन या मोठ्या, निळ्या-काळ्या फुलपाखरास राज्यफुलपाखराचा मान दिला. सड्यावरील फुलपाखरास असा मान नसला तरी त्याच्या गावाने त्याचे नाव आपल्या दप्तरात लिहावयास कोणाची हरकत नाही.

शेवटी एका व्यावहारिक अडचणीचा विचार करावयास हवा. अशी वही एका उत्साही शिक्षकाच्या हातून सुरू होते, दोन-तीन वर्षे चालते आणि त्याची बदली झाली की कपाटाच्या तळाशी जाते. मग नव्या शिक्षकास जुनी वाट ठाऊक नसते, आणि तुलना तुटते. पाच वर्षांची तुटक नोंद एका वर्षाच्या अखंड नोंदीइतकीही उपयोगी पडत नाही. म्हणून ही वही शिक्षकाची खाजगी न समजता शाळेच्या दप्तराचा भाग समजावी. तिच्या पहिल्या पानावर वाटेचा नकाशा, आरंभाची व शेवटाची खूण आणि ठिपके ओळखण्याचे चित्र असावे. हजेरीपट, सामान्य नोंदवही, जडवस्तूसंग्रहाची यादी हे ज्याप्रमाणे कार्यभार सोपविताना मोजून दिले जाते, त्याचप्रमाणे ही वहीही यादीत लिहून द्यावी; आणि शक्य असेल तर नव्या शिक्षकास एकदा सोबत घेऊन, त्या वाटेने चालून, मग सही घ्यावी.